वर बघा, तोंड उघडा

मास्तरांच्या डोळ्यांखालच्या पिशव्या त्यांना वडिलांकडून मिळाल्या होत्या. वडिलांनी मागे फारसं काही ठेवलं नाही. एक जड कात्री आणि या दोन पिशव्या. कात्री मास्तरांच्या हातात लहानपणीच आली. पिशव्या मात्र पन्नाशी उलटल्यावर आल्या आणि आल्या त्या मुक्कामालाच आल्या. सकाळी उठल्यावर त्या टम्म भरलेल्या असत, दुपारी जरा ओसरत आणि संध्याकाळी दिवे लागले की पुन्हा डोकं वर काढत. बायको म्हणायची, "तुमच्या डोळ्यांना कुणी खिसे शिवलेत का हो? सुटे पैसे ठेवायला बरे." मास्तर हसायचे. तेव्हा हसणं परवडत होतं.

कोट आणि सूट शिवणाऱ्या एका जुन्या दुकानात ते माप घेत. समोरच्या दालनात तीन पाखांचा आरसा होता, त्याच्यापुढे एक बुटका लाकडी चौथरा. गिऱ्हाईक चौथऱ्यावर उभं राही आणि मास्तर गळ्यात फीत टाकून त्याच्याभोवती फिरत. शिवणकाम मागच्या खोलीत चाले. तिथे खिडकी नव्हती; इस्त्रीची वाफ, यंत्रांची घरघर आणि भिंतीवर टांगलेले बाह्या नसलेले कोट होते. ऐन उमेदीची वर्षं मास्तरांनी त्या खोलीत मान मोडून काम करण्यात घालवली होती. मग एक दिवस थोरल्या मालकांनी त्यांना हाताला धरून समोर आणलं. "तुमच्यापुढे माणूस खरा उभा राहतो," असं ते म्हणाले. मास्तरांना आयुष्यात मिळालेली ही एकुलती एक पदवी, आणि ती त्यांनी जिवापाड जपली.

ती काही फुकट मिळाली नव्हती. मापाला उभा राहिला की माणूस लबाडी करतो, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. चांगले शिकलेसवरलेले, चारचौघांत मान असलेले लोकसुद्धा फीत कमरेला टेकली की श्वास रोखतात, पोट आत ओढतात, छाती फुगवतात. त्या मापाचा कोट मग घरी जेवायला बसल्याबरोबर बटण उडवतो, आणि शिव्या खातो शिंपी. म्हणून मास्तर घाई करत नसत. फीत नुसती बोटांत खेळवत ते गुडघेदुखीच्या, पोराबाळांच्या, हवापाण्याच्या गप्पा काढत. बोलता बोलता गिऱ्हाईक विसरे, श्वास सुटे, पोट आपल्या जागी येऊन बसे, आणि तेवढ्यात मास्तरांची फीत फिरून आलेली असे. एखादा फारच हट्टी निघाला तर ते सरळ सांगत, "श्वास सोडा साहेब. कोट तुम्हाला घालायचाय, मला नाही."

हे आधीच सांगितलेलं बरं. कारण पुढे जे झालं ते या असल्या माणसाच्या हातून झालं, आणि ते ऐकताना कुणालाही वाटेल की त्याने तरी असं करायला नको होतं.

थोरले मालक वारले आणि त्यांचा मुलगा दुकान बघू लागला. धाकटे मालक माणूस वाईट नव्हते, फक्त त्यांना सगळं लख्ख हवं असे. त्यांनी भिंती पांढऱ्या केल्या, जुने पिवळे दिवे काढले आणि छतातून सरळ खाली उजेड टाकणारे दिवे बसवले. डोळ्यांखाली पिशव्या असलेल्या माणसाचा असा उजेड म्हणजे सात जन्मांचा वैरी. प्रत्येक पिशवीखाली काळी सावली पडली. पहिल्याच सकाळी मास्तरांना आरशात स्वतःचे वडील दिसले, तेही शेवटच्या दुखण्यातले.

थोड्याच दिवसांत धाकट्या मालकांनी त्यांना आत बोलावलं, चहा मागवला आणि खुर्ची पुढे सरकवली. चहा आणि खुर्ची एकदम मिळाली तेव्हा मास्तर खुर्चीच्या कडेवरच बसले.

"मास्तर, झोप होते ना नीट?"

"पडलो की घोरतो. घरी विचारा."

"नाही, म्हणजे..." धाकटे मालक कप बशीवर फिरवत राहिले. "गिऱ्हाइकं बोलतात. काल एकाने विचारलं, तुमचे मास्तर रात्रीची घेऊन येतात का?"

मास्तरांनी आयुष्यात कधी थेंब घेतला नव्हता. ते तसं म्हणालेही, पण म्हणताना त्यांना जाणवलं की रोज पिणारा माणूसही नेमकं हेच म्हणेल.

"मला माहीत आहे हो. पण लोक चेहरा बघतात. तुम्ही काही दिवस मागे बसा. समोर मी एक नवा माणूस घेतलाय."

नवा माणूस तरणा होता, केस चापून बसवलेले, गाल असे तुकतुकीत की माशी बसली तर घसरावी. तो गप्पा मारत नसे. गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राही आणि हा तेच माप पटापट घेऊन मोकळा होई. मग ते कोट मागच्या खोलीत परत येत, बटणांवर आवळलेले, आणि मास्तर मान खाली घालून ते उसवून सैल करत बसत.

जो माणूस आरशांसमोर वावरला त्याला बिनखिडकीच्या खोलीत बसवणं म्हणजे काय, हे बसवणाऱ्याला कळत नाही. मास्तर खडू आणायच्या निमित्ताने समोर जात. खिशात खडू असताना जात. आरशात एक नजर टाकत आणि परत येत. घरी त्यांनी सगळे उपाय केले. थंडगार चमचे ठेवले, बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, मीठ सोडलं, दोन उशा घेतल्या. काकडीच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून ते पडले असता बायको म्हणाली, "काकडी खायची असते, चिकटवायची नसते. आणि कोण बघतंय तुमच्याकडे या वयात?"

"तेच ना," मास्तर म्हणाले. "कुणी बघू नये म्हणून तर मागे टाकलंय मला."

बायकोने काकडी चिरायची थांबवली नाही, पण थट्टा त्या दिवसापासून बंद केली.

शेवटी ते पापण्यांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. त्यांनी मास्तरांना खिडकीशी बसवलं, वर बघायला लावलं, खाली बघायला लावलं, मिटलेल्या पापणीवरून बुबुळ हलकेच दाबलं. पिशवी पुढे आली.

"ही सूज नाही, मास्तर. चरबी आहे. डोळ्याच्या गोळ्याला बसायला चरबीची गादी असते, आणि ती पुढे येऊ नये म्हणून एक पातळ पडदा. तो सैल झाला की गादी पुढे फुगते. कुणाचा लवकर होतो, कुणाचा उशिरा."

"म्हणजे अस्तर विरलं आणि आतला कापूस बाहेर आला."

"अगदी तसंच," बाई हसल्या. आणि मग त्यांनी शस्त्रक्रियेच्या तऱ्हा समजावून सांगितल्या. एक म्हणजे पापणी उलटवून आतल्या गुलाबी बाजूने बारीक छेद द्यायचा आणि जास्तीची चरबी काढायची. बाहेर टाका नाही, व्रण नाही. दुसरीही आतूनच, पण चरबी टाकून द्यायची नाही. पिशवीच्या खाली गालाशी जी पन्हळ पडते तिच्यात ती सरकवायची आणि टाक्याने बसवायची, म्हणजे उंचवटा जातो आणि खड्डाही भरतो. तिसरी बाहेरून. पापणीच्या केसांच्या लगेच खाली छेद घ्यायचा, चरबीचं काम करायचं आणि वर जी कातडी उरेल ती कापायची.

"तुम्हाला दुसरी पुरे," त्या म्हणाल्या. "कातडीला मी हात लावणार नाही."

मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. "आतला माल काढल्यावर वरचं कापड लोंबणार नाही का, बाई? पोट उतरलं की जाकीट आत घ्यावं लागतं."

"कातडी आपणहून थोडी आवळते. सुरकुत्या राहतील, राहू देत. खालची पापणी दोन खुंट्यांना बांधलेल्या दोरीसारखी असते, मास्तर. खालून ओढ बसली की ती झुकते. झुकली की डोळा मिटत नाही. मिटला नाही की सुकतो."

इथे शहाण्या माणसाने मान डोलवून घरी जावं. पण मास्तरांच्या मनात ते पांढरे दिवे होते. एवढं करून सुरकुत्यांची सावली पडलीच तर? अर्धवट काम त्यांनी आयुष्यात कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिलं नव्हतं. ते पुन्हा गेले, आणखी एकदा गेले, हट्टाला पेटले. शेवटी बाईंनी हात टेकले. बाहेरून करू, म्हणाल्या, पण कातडी चिमूटभरच, आणि तीही मोजून.

"मोजणार कशी?"

"तुम्ही जागे असाल. तेवढीच जागा मी बधिर करीन. शेवटी सांगीन, वर बघा, तोंड उघडा. पूर्ण, डोळेही आणि तोंडही. तसं केलं की गालाची कातडी ताणायची तेवढी ताणली जाते. त्या ताणात जी उरते तीच खरी जास्तीची. तेवढीच काढली तर तुम्ही हसा, जेवा, जांभई द्या, पापणी जागेवर राहते. हे माप मला तुमच्याशिवाय घेता येत नाही."

मास्तरांना हे फारच आवडलं. त्यांनी मग रंगात येऊन आपल्या धंद्यातली गंमत सांगितली, लोक पोट कसं आत ओढतात आणि ते गप्पांनी त्यांना कसे सैल करतात ते. बाई पोट धरून हसल्या. "मग तुम्हाला मी काय शिकवणार? तुमच्याइतका सोपा पेशंट मला मिळायचा नाही."

शस्त्रक्रियेच्या दिवशी त्यांनी मास्तरांना बसवूनच खुणा केल्या. आडवं झालं की चरबी मागे सरकते आणि पिशव्या दिसेनाशा होतात, म्हणून. मास्तरांनी मनातल्या मनात त्यांना शाबासकी दिली. कपडाही अंगावरच बघायचा असतो, टेबलावर नाही. मग ते आडवे झाले. सुया टोचल्या, डोळ्यांखालचा भाग लाकडासारखा झाला. वर मोठा दिवा होता. काहीतरी ओढल्यासारखं वाटे, मधेच जळका वास येई, हत्यारं ताटलीत पडल्याचा आवाज होई.

आधी डावी बाजू झाली. "वर बघा, तोंड उघडा," बाई म्हणाल्या. मास्तरांनी इमानदारीत वर बघितलं आणि आ वासला. कात्री एकदाच वाजली, तीही अगदी थोडी.

"या बाजूला फारसं काही नाहीच," बाई परिचारिकेला म्हणाल्या. "नुसती कड."

ज्याचं आयुष्य कात्रीच्या आवाजात गेलं त्याला कापड किती कापलं गेलं हे बघावं लागत नाही. एवढंच? एवढ्यासाठी का हा सगळा खटाटोप? ही चिंधीसुद्धा नव्हे, हा तर दोरा. सुरकुत्या तशाच राहणार, सावली पडणार, धाकटे मालक चहा मागवणार आणि खुर्ची पुढे सरकवणार. मागची खोली त्यांच्या डोळ्यांपुढे अशी उभी राहिली की त्यांना इस्त्रीचा वास आला.

बाई उजव्या बाजूला आल्या. काम झालं. "वर बघा, तोंड उघडा."

मास्तरांनी वर बघितलं, पण छताकडे नाही, बाईंच्या कपाळापर्यंतच. तोंड उघडलं, पण चमचाभर औषध घ्यावं इतकंच. गाल त्यांनी आतून धरून ठेवले. त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने जे केलं होतं तेच, फक्त पोटाऐवजी गाल.

"अजून उघडेल का?"

"अं," मास्तर म्हणाले, जबडा तेवढाच उघडतो अशा सुरात.

"या बाजूला बरीच आहे की. उजव्या कुशीवर झोपता का?"

"अं."

कात्री वाजली. या वेळी चांगली लांब वाजली. मास्तरांना आनंद झाला. खोटं कशाला बोला, झालाच. समोरची जागा आपण परत मिळवली असं त्यांना त्या क्षणी वाटलं.

सूज उतरली तेव्हा पिशव्या खरोखरच गेल्या होत्या. डाव्या डोळ्याखाली बेताच्या बारीक सुरकुत्या होत्या, कुणाच्याही नजरेत न येणाऱ्या. उजव्या डोळ्याखाली एकही नव्हती. बायकोने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "लग्नात होतात तसे दिसताय." मास्तर शीळ घालत दाढी करू लागले.

मग उजवी पापणी खाली जाऊ लागली. आधी वाटलं, भास असेल. मग बुबुळाखाली एक पांढरी कोर दिसू लागली, डाव्या बाजूला नसलेली. मग पापणीची आतली लाल कड बाहेर डोकावली. डोळा चुरचुरू लागला, लाल झाला, वाहू लागला. पापण्या मिटल्या तरी मध्ये फट राही. झोपताना मलम भरून वर पट्टी चिकटवावी लागे, आणि सकाळी पट्टी निघालेली असली की डोळ्यात वाळू भरल्यासारखं होई.

बाईंनी बोटाने पापणी वर चोळायला शिकवलं, थेंब दिले, थांबायला सांगितलं. कधीकधी आपणहून वर येते म्हणाल्या. मास्तर दिवसभर गाल वर चोळत बसत. पापणी आली नाही. प्रत्येक भेटीत बाईंचा चेहरा आणखी उतरलेला असे, आणि एकदा त्या मास्तरांसमोर स्टूल ओढून बसल्या.

"चूक माझी आहे, मास्तर. उजवीकडे जास्त काढली मी. माप घेतलं होतं, तरी. कशी काढली तेच कळत नाही. मी ते रोज आठवून बघते."

मास्तरांच्या जिभेवर शब्द आले होते. पण ते गिळले गेले. आता नको, पुढच्या वेळी सांगू, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पुढच्या वेळी सांगणं आणखी अवघड झालं, कारण मागच्या वेळी सांगितलं नव्हतं. घरी बायको बाईंच्या नावाने बोटं मोडत होती.

"हात मोडो तिचा. शिकली कुठे कोण जाणे."

"हात चांगला आहे तिचा," मास्तर पुटपुटले.

"तुम्ही भोळे आहात म्हणून लोकांचं फावतं," बायको म्हणाली, आणि त्या 'भोळे'मुळे मास्तरांना जेवण गेलं नाही.

दुकानात एकदा नवा माणूस आजारी पडला. धाकट्या मालकांनी मास्तरांकडे बघितलं, खाली बघितलं आणि नाइलाजाने म्हणाले, "आजचा दिवस समोर उभे राहता?" मास्तरांनी तोंड धुतलं, फीत गळ्यात घातली. चौथऱ्यावर एक गृहस्थ उभे होते, चांगले जाडजूड. मास्तरांनी फीत बोटांत खेळवत गुडघ्यांचा विषय काढला. गृहस्थांनी त्यांच्याकडे बघितलं. उजव्या डोळ्यातून पाण्याची धार गालावर आली होती.

"घरी काही... वाईट झालंय का?" गृहस्थांनी आवाज खाली आणून विचारलं.

"छे, छे. डोळ्याचं दुखणं आहे. तुमचे गुडघे काय म्हणतात?"

पण गृहस्थ अवघडले ते अवघडलेच. रडणाऱ्या माणसासमोर पोट सैल सोडून कोण उभं राहील? ते ताठ झाले, श्वास धरून राहिले, फीत आली तरी सोडेनात. मास्तरांनी सगळे विषय काढून बघितले. शेवटी त्यांनी तेच खोटं माप लिहून घेतलं. त्यांच्यापुढे माणूस खरा उभा राहीना, आणि यापुढे राहणारही नाही, हे त्यांना तीनही आरशांत एकदम दिसलं. ज्यासाठी हे सगळं केलं ते त्यांनी स्वतःच्याच गालांनी घालवलं होतं.

मागच्या खोलीतही मग निभेना. सुईचं नेढं पाण्यात पोहायचं. एका बाहीचे टाके इतके वाकडे पडले की धाकट्या मालकांनी ती हातात घेऊन खाली ठेवली. "घरी बसा, मास्तर. बरं वाटलं की या." बरं वाटल्यावर परत ये असं सांगून घरी पाठवलेली माणसं मास्तरांनी पाहिली होती. त्यांची फीत दुसऱ्याच्या गळ्यात गेलेली असे.

त्यानंतरच्या तपासणीत बाईंनी डोळ्यात रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात बराच वेळ बघितलं.

"बुबुळ सुकतंय. खालच्या बाजूला खरचटल्यासारखं झालंय. आता थांबता येणार नाही. तिथे व्रण पडला तर नजर जाईल."

मास्तर खुर्चीचे हात धरून बसले. समोरच्या जागेचं सोडा, आता मागची खोलीसुद्धा त्यांना फार मोठी गोष्ट वाटू लागली होती. डोळा मिटावा, एवढंच मागणं उरलं होतं.

"काय करायचं?"

"जुना व्रण सोडवायचा, ओढ मोकळी करायची, पापणी वर उचलायची. बाहेरचा कोपरा आवळायचा. आणि जेवढी कातडी कमी आहे तेवढा तुकडा कानामागून काढून तिथे शिवायचा."

"ठिगळ."

"हो. ठिगळ म्हणा."

"केवढं?"

"तेव्हाच कळेल. तुम्हाला मागच्यासारखंच करायचंय. वर बघायचं, तोंड उघडायचं. त्या ताणात जेवढी फट पडेल तेवढा तुकडा. लहान पडला तर पापणी पुन्हा ओढली जाईल, आणि त्या जागेवर पुन्हा पुन्हा हात घालता येत नाही." बाईंनी निळा दिवा बंद केला. "तुमच्यानंतर मी कातडी कापणं सोडून दिलंय, मास्तर. कात्री हातात घेतली की हात पुढे जात नाही."

घरी येईपर्यंत मास्तर एकच हिशेब करत होते. खरं तोंड उघडलं तर बाईंना लगेच कळणार. त्या रोज आठवून बघत होत्या. उजव्या बाजूला तोंड किती उघडलं होतं ते त्यांच्या डोळ्यांपुढेच असेल. आणि नाही उघडलं तर ठिगळ आखूड पडणार. आधी सांगून मोकळं व्हावं, तर काय सांगायचं? मी पोट आत ओढलं, बाई. मी, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना श्वास सोडायला लावला. तुमचा हात मी मोडला आणि वर बायकोला तुम्हाला शिव्या घालू दिल्या.

ते न्हाणीघरातल्या आरशासमोर उभे राहिले आणि त्यांनी तोंड उघडलं. थोडं, मग आणखी, मग जबडा दुखेपर्यंत. वर बघितलं. तोंड बोटभर आणखी उघडलं की पापणी तेवढी खाली ओढली जात होती, लाल कड उघडी पडत होती. एवढी कातडी कमी होती तर. दारात बायको उभी होती.

"काय करताय?"

"जांभई येतेय," मास्तर म्हणाले.

बायको जवळ आली, तिने पदराने त्यांचा गाल पुसला आणि काही न विचारता गेली. ती विचारती तर कदाचित त्यांनी सांगितलं असतं.

शस्त्रक्रियेच्या सकाळी ते बाईंना गाठून सांगणारच होते. वाक्यही जुळवून ठेवलं होतं. पण बाई हात धुऊन थेट आत आल्या आणि मास्तरांच्या चेहऱ्याभोवती हिरवं कापड आलं. सुई टोचली. गाल लाकडाचा झाला. मास्तरांना जुना व्रण उसवल्याचं ऐकू आलं. उसवण्याचा आवाज कातडीचा असो की कापडाचा, त्यांना सारखाच वाटला. मग पापणी वर उचलली गेली, आणि खूप दिवसांनी त्यांना डोळ्यावर थोडी ऊब लागली.

"आता माप," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता. "वर बघा, मास्तर. तोंड उघडा."

मास्तरांनी वर बघितलं. बाईंच्या कपाळाच्या वर, दिव्याच्या वर, पार छताच्या टोकाला. आणि तोंड उघडलं. जबड्याच्या सांध्यात कट्ट वाजलं, ओठांच्या कडा ताणल्या, तरी ते थांबले नाहीत. आता जागाच उरली नाही तिथवर उघडलं.

मोजपट्टी कातडीला टेकली नाही. काहीच टेकलं नाही. मास्तर वाट बघत राहिले. ताटलीतली खुडबुड थांबली.

"मागच्या वेळी," बाई अगदी हळू म्हणाल्या, "एवढं उघडलं नव्हतंत तुम्ही."

जुळवून ठेवलेलं वाक्य मास्तरांच्या घशात होतं. पण ते बोलायचं तर तोंड मिटावं लागलं असतं, आणि मिटलं असतं तर माप चुकलं असतं. ते तसेच राहिले, आ वासून, छताकडे बघत. उजव्या डोळ्याचं पाणी रोजचंच होतं. या वेळी डावाही वाहू लागला.

बाईंनी कापसाने दोन्ही गाल टिपले.

"हलू नका," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी मोजपट्टी लावली.